उस्मानाबादचे संशोधन धाराशिवला सापडेल का?

धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याला, आपल्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आजवर काय संशोधन झाले हे पाहायचे आहे, असे समजा. तो मोबाइलवर ‘पबमेड’ उघडेल, इंग्रजीत ‘धाराशिव’ हा शब्द आणि रोगाचे नाव टाइप करेल आणि जी काही यादी येईल ती वाचेल. या जिल्ह्यात झालेले सर्वांत मोठे संशोधन त्या यादीत नसेल. ते हरवलेले नाही. जगातल्या प्रत्येक मोठ्या वैद्यकीय सूचीत त्याची नोंद आहे. फक्त ती ‘उस्मानाबाद’ या नावाने आहे.

शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड बदलले. जगभरच्या शास्त्रीय नियतकालिकांत आधीच छापून गेलेली पाने मात्र कोणी बदलत नाही, आणि बदलूही नयेत. नाव बदलले की जुने आणि नवे जोडणारी नोंद ठेवावी लागते. खेड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जमीन वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर आली की तलाठी फेरफार घेतो. फेरफार नसेल तर जमीन जागच्या जागी असते, पण कागदावर मालक सापडत नाही. ज्ञानाच्या कागदपत्रांनाही असाच फेरफार लागतो. ते काम सूची आणि गोषवारा सेवा करतात.

जे संशोधन त्या यादीत दिसत नाही, ते आधी पाहू. ऑक्टोबर १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल आणि फ्रान्समधील ल्यों शहरात असलेली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक चाचणी सुरू केली. गावांचे ५२ गट पाडले. त्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत विभागणी झाली. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, म्हणजे ‘व्हीआयए’. चौथ्या भागातील महिलांना तपासणी नाही, नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती तेवढी. तपासणीची फेरी एकच, पाठपुरावा आठ वर्षांचा. निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापले गेले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ महिलांपैकी ३९ जणींना पुढच्या टप्प्यातला कर्करोग आढळला आणि ३४ जणी त्या आजाराने दगावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ महिलांच्या गटात हेच आकडे ८२ आणि ६४ होते. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पॅप स्मिअर आणि व्हीआयएच्या गटांत मात्र म्हणण्यासारखी घट दिसली नाही.

हा अभ्यास जगभर उद्धृत झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीला पसंती दिली, तेव्हा समोर असलेल्या पुराव्यांत या जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेला पुरावा वजनदार होता. आणि त्या लेखाचे शीर्षक काय? ग्रामीण भारतातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही तपासणी. शीर्षकात जिल्ह्याचे नावच नाही. ते आहे गोषवाऱ्यात, एका वाक्याच्या शेवटी.

गोषवाऱ्यातल्या त्या एका शब्दाचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेतील लष्करी शल्यवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज यांच्या ताब्यात सर्जन जनरलच्या कार्यालयाचे ग्रंथालय होते. पुस्तके आणि नियतकालिके येत होती, ढीग वाढत होता आणि त्यात काय आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. १८७९ मध्ये बिलिंग्ज आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट फ्लेचर यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू केले. त्यात लेख नव्हते, लेखांची यादी होती. कोणत्या रोगावर, कोणी, कुठे, काय लिहिले एवढेच. मध्ये काही वर्षे ते पैशाअभावी बंदही पडले. अशा कामांचे हे जुनेच दुखणे आहे. उपयोग सगळ्यांना होतो आणि खर्च करायची वेळ आली की ते बिनमहत्त्वाचे ठरते. रसायनशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ सुरू करून एक पाऊल पुढे टाकले. तिथे यादीबरोबर प्रत्येक लेखाचा गोषवाराही असे, कारण जर्मन किंवा रशियन भाषेतला मूळ लेख प्रत्येकाला वाचता येणार नव्हता.

मराठवाड्यातल्या डॉक्टरांच्या आधीच्या पिढीला इंडेक्स मेडिकसचे जाडजूड खंड आठवत असतील. सोलापूर किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जायचे, एकेका महिन्याचा अंक काढायचा, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांतून विषय शोधायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा. मग मूळ लेख त्या ग्रंथालयात नसला, आणि बहुधा नसेच, तर लेखकाला पोस्टकार्ड पाठवून प्रत मागायची किंवा दिल्लीच्या ‘इन्सडॉक’कडून छायाप्रत मागवायची. ही संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली आणि १९६५ पासून भारतीय शास्त्रीय लेखांचे गोषवारे देणारे ‘इंडियन सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स’ही काढू लागली. प्रत टपालाने येईपर्यंत रुग्ण बरा झालेला असे, नाहीतर गेलेला असे.

छापील इंडेक्स मेडिकसमध्ये गोषवारा नव्हता. शीर्षक, लेखक, नियतकालिक, संपले. २००९ चा तो लेख १९६९ मध्ये छापला गेला असता, तर सूचीत ‘ग्रामीण भारत’ एवढेच उरले असते आणि उस्मानाबाद हा शब्द वाचकाच्या हाती कधीच लागला नसता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० च्या दशकात ही सूची संगणकावर नेली, १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ सुरू केले आणि १९७५ पासून नोंदींबरोबर गोषवारेही दिले. १९९६ मध्ये पबमेड आले आणि पुढच्याच वर्षी ते जगातल्या कोणालाही फुकट वापरता येऊ लागले. छापील इंडेक्स मेडिकस २००४ च्या अखेरीस थांबले. सव्वाशे वर्षे चाललेले हे काम बंद पडले तेव्हा फारशी बातमीही झाली नाही.

या प्रवासात सर्वांत मोलाची गोष्ट संगणक नाही. ती आहे १९६० मध्ये तयार झालेली शब्दांची ठरावीक यादी, ‘मेश’. एकच आजार कोणी सर्व्हायकल कॅन्सर म्हणतो, कोणी कार्सिनोमा सर्व्हिक्स, कोणी आणखी काही. मेशमध्ये या सगळ्यांना एकाच मथळ्याखाली बसवले जाते. वाचक कोणत्याही नावाने आला तरी पोहोचतो एकाच घरी. ही यादी दरवर्षी दुरुस्त होते, कारण नावे बदलत राहतात.

विंचवाचेच पाहा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर धाराशिवच्या कोणत्याही आरोग्य केंद्रात विंचूदंशाचा रुग्ण येतो. लाल विंचवाच्या विषाने हृदय कसे बिघडते आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने ते कसे सावरता येते, हे दाखवून दिले मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. कोकणातल्या महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी नोंदी ठेवल्या. त्यावरचे त्यांचे लेखन १९८२ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. लॅन्सेट सूचीत होते म्हणून बिरवाडीतले निरीक्षण जगभर पोहोचले. पण या विंचवाचे शास्त्रीय नाव आधी बुथस टॅम्युलस होते, मग मेसोबुथस झाले आणि आता होटेन्टोटा आहे. आज नव्या नावाने शोधणाऱ्या तरुण डॉक्टरला बावस्करांचे जुने लेख नुसत्या नावावरून मिळणार नाहीत. मिळतील ते ‘विंचूदंश’ या मथळ्याखाली, कारण कोणीतरी ते तिथे लावून ठेवले आहेत. हा झाला फेरफार.

गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांचा असा फेरफार मात्र कोणी नीट घेतलेला नाही. आणि धाराशिवच्या वाट्याला ही अडचण एकदा नव्हे, तीनदा आली आहे.

एक उस्मानाबादची. दुसरी बार्शीची. १९८७ मध्ये बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात सोलापूर जिल्ह्यातील बार्शीबरोबर धाराशिवमधले भूम आणि परांडा हे तालुकेही आहेत. गावोगाव फिरून केलेल्या लोकजागृतीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या, हे या नोंदणीने १९९० च्या दशकातच दाखवले. परांड्याच्या एखाद्या कार्यकर्त्याने ते वाचले तर त्याला उद्याच कामाला लागावेसे वाटेल. पण त्या लेखांत भूम-परांडा नाव पहिल्या नजरेला दिसत नाही, आणि बार्शीचे इंग्रजी स्पेलिंग काही लेखांत एक, काहींत दुसरे. एक स्पेलिंग टाइप केले की दुसऱ्या स्पेलिंगचे लेख नजरेआड.

तिसरी अडचण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची. भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे भुईसपाट केली. वाचलेल्यांच्या मानसिक आजारांवर संशोधन झाले, घरबांधणीवर झाले, भूगर्भावर तर खूपच झाले. सूचींत हे बहुतेक सारे ‘लातूर’ किंवा ‘किल्लारी’ या नावाने आहे. उमरगा-लोहारा भागातल्या माणसांचे दुःख शेजारच्या जिल्ह्याच्या नावावर चढले आहे. यात कोणाचा वाईट हेतू नाही. बातम्यांत जे नाव पहिल्या दिवशी आले ते शीर्षकांत गेले, आणि शीर्षकांतून सूचीत. (उस्मानाबादी शेळीचे मात्र बरे आहे. ती जातीचे नाव म्हणून सूचींत पक्की बसली आहे. जिल्ह्याचे नाव बदलले तरी पशुवैद्यकांना ती सापडत राहील.)

सूचीतली एक नोंद मिळाली नाही तर एवढे काय बिघडते, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर त्याच कर्करोग चाचणीत आहे. उस्मानाबादच्या लेखाचा फक्त गोषवारा वाचणारा म्हणेल, व्हीआयए निरुपयोगी आहे. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात २०१६ पासून ३० ते ६५ वयाच्या महिलांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी सांगितलेली आहे. मग ती बंद करायची का? सूचीत त्याच मथळ्याखाली आणखी दोन भारतीय चाचण्या दिसतात. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात व्हीआयएच्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, असे २००७ च्या लॅन्सेटमधला लेख सांगतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी ठरावीक अंतराने व्हीआयएच्या चार फेऱ्या केल्या, तिथे बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तो लेख २०१४ चा. तिन्ही शेजारी ठेवले की चित्र पालटते. तपासणी कोण करते, कितीदा करते आणि दोष दिसल्यावर उपचार कितपत पोहोचतात, यावर बरेच अवलंबून दिसते. तीन वेगळी नियतकालिके, तीन वेगळी शीर्षके. त्यांना एका पंगतीत बसवण्याचे काम सूचीने केले.

आणि तीच सूची चौथी गोष्टही दाखवते, जी अनेकांना नको असते. या तिन्ही चाचण्यांत ज्यांना तपासणीच मिळाली नाही अशा महिलांचा गट ठेवणे योग्य होते का, त्यांना दिलेली माहिती आणि घेतलेली संमती पुरेशी होती का, यावर ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या मुंबईच्या नियतकालिकात २०१४ मध्ये कडक टीका छापली गेली. संशोधकांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिले. पॅप स्मिअरची सोय गावांत नव्हतीच, नेहमीची सेवा तीच होती, हा त्यांच्या बाजूचा मुख्य मुद्दा. वाद ज्याने त्याने वाचून ठरवावा. पण वाचता येतो तो हे छोटे नियतकालिक पबमेडमध्ये आहे म्हणून. ते नसते तर जगाला धाराशिवच्या बायकांबद्दल फक्त यशाची गोष्ट कळली असती.

भारतीय नियतकालिकांचे हेच मोठे दुखणे आहे. मेडलाइनमध्ये सुमारे पाच हजार नियतकालिके आहेत. त्यांत मुंबईच्या के.ई.एम.मधून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आहे, ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ आहे. पण प्रादेशिक नियतकालिके, संघटनांच्या वार्षिक अंकांतले लेख, वैद्यकीय महाविद्यालयांतले प्रबंध यांतले बरेच बाहेर राहते. सर्पदंश, उष्माघात, पाण्यातला फ्लोराइड असे आपल्या मातीतले प्रश्न नेमके याच बाहेरच्या ढिगात अधिक असतात.

त्याच वेळी सूचीत असणे ही नोकरीची अट झाली आहे. वैद्यकीय शिक्षकाला बढतीसाठी ‘इंडेक्स्ड’ नियतकालिकातले लेख लागतात. २०१५ मध्ये तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने ज्या सूची ग्राह्य धरल्या, त्यांत २००४ मध्येच छपाई थांबलेले इंडेक्स मेडिकस होते, आणि गुणवत्तेबद्दल शंका घेतली जाणारी ‘इंडेक्स कोपर्निकस’ही होती. पैसे भरा आणि आठवड्यात लेख छापून घ्या, अशी दुकाने या दाराने आत आली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत यादी सुधारली. पण सूचीचा उपयोग वाचकाला शोधून देण्यासाठी होता, तो लेखकाला गुण देण्यासाठी होऊ लागला, ही उलटापालट काही थांबलेली नाही. नव्या जिल्हा महाविद्यालयांतल्या तरुण शिक्षकांवर तिचा ताण सर्वांत जास्त आहे.

सूची लेख आहे एवढे सांगते, तो हातात देत नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक देश, एक सदस्यता’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना १३ हजारांवर नियतकालिके खुली झाली आहेत. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर आहेत. धाराशिवच्या महाविद्यालयाला याचा लाभ घेता यावा. परांड्याच्या ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी मात्र या व्याख्येत बसत नाही, आणि विंचूदंशाचा रुग्ण रात्री आधी त्याच्याकडे येतो. त्याला गोषवाऱ्यावरच भागवावे लागते.

आता तर तो कदाचित गोषवाराही उघडणार नाही, चॅटबॉटला विचारेल. चॅटबॉट झटकन उत्तर देतो आणि कधी कधी अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही तितक्याच आत्मविश्वासाने देतो. तो संदर्भ खरा आहे का, हे पडताळायला शेवटी पबमेडच लागते. इकडे पबमेडमध्येही माणसांचे काम घटले आहे. एप्रिल २०२२ पासून मेडलाइनमधील लेखांना विषयाचे मथळे संगणकीय पद्धतीने लावले जातात, माणसे गरजेनुसार तपासतात. यंत्र मुख्यतः शीर्षक आणि गोषवारा वाचते. म्हणजे तिथे जे लिहिले नाही ते त्याच्या लेखी घडलेच नाही.

म्हणून या जिल्ह्यातून यापुढे जो कोणी लेख लिहील, त्याने गोषवाऱ्यात ‘धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), महाराष्ट्र’ असे पूर्ण लिहावे, शक्य तर तालुक्याचेही नाव द्यावे. याला खर्च नाही, परवानगी लागत नाही. दुसरे काम महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आणि जनऔषध विभागाने मिळून करावे असे आहे. या जिल्ह्यावर आजवर छापल्या गेलेल्या सर्व वैद्यकीय लेखांची एक सूची, प्रत्येकापुढे चार ओळींचा मराठी गोषवारा आणि ती जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात. १९९९ मध्ये त्या चाचणीत तिशीत सामील झालेल्या बायका आता साठीच्या आसपास आहेत. त्यांच्या सुना आणि लेकी आज तपासणीच्या वयात आहेत. आपल्या सासूच्या, आईच्या पिढीने जगाला काय शिकवले, हे आशाताईंना मराठीत वाचून दाखवता आले तर तपासणीला नको म्हणणारी एखादी तरी उठून येईल.

ती सूची होईपर्यंत शोधणाऱ्याने पबमेडच्या चौकटीत इंग्रजीत इतकी नावे तरी आळीपाळीने टाकून पाहावीत: धाराशिव, उस्मानाबाद, बार्शीची दोन्ही स्पेलिंगे, लातूर, किल्लारी, मराठवाडा.